साठवलेला आवाज बोलतो कसा?

पनवेल तालुक्यातल्या कामोठ्याला लोकलने जायचे असेल, तर कामोठे नावाचे स्टेशन तुम्हांला सापडणार नाही. खारघर मागे पडले की मानसरोवरला उतरायचे, नाहीतर त्यापुढच्या खांदेश्वरला. एका गावाला दोन स्टेशने, आणि दोहोंच्याही पाटीवर गावाचे नाव नाही! नवख्या पाहुण्याची सारी भिस्त मग कानावर असते. डब्यातला आवाज पुढचे स्टेशन सांगतो, फलाटावरचा आवाज येणारी गाडी कुठली ते सांगतो. आवाज स्वच्छ, ठसठशीत, बहुधा बाईचा. पण ती बाई त्या घटकेला तिथे नसते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तिने आपले शब्द केव्हाच बोलून ठेवलेले असतात. ते शब्द ठेवतात कुठे, आणि नेमका हवा तो शब्द हव्या त्या क्षणी बाहेर काढतो कोण, एवढेच आज पाहायचे आहे.

पूर्वी हे काम माणूस करी. मध्य रेल्वेवर सरला चौधरी यांनी १९८२ साली रोजंदारीवर उद्घोषिका म्हणून काम सुरू केले. पुढे त्यांचा आवाज मुद्रित झाला, आणि त्या दुसऱ्या विभागात गेल्यावरही तो फलाटांवर वाजत राहिला. माणूस एका ठिकाणी आणि त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणी कामावर, असा हा प्रकार.

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठेसे? सगळी वाक्ये एकदा बोलून घ्यावीत नि लावावीत. हिशेब करून पाहा. समजा, एका स्टेशनात दोन फलाट आहेत आणि गाड्या पाच ठिकाणी जातात. घड्याळाच्या बारा तासांत मिनिटे सातशेवीस. दोन गुणिले पाच गुणिले सातशेवीस, म्हणजे ७,२०० वाक्ये झाली. बोलणाऱ्या बाईचा घसा बसेल, आणि उद्या सहावे ठिकाण वाढले की पुन्हा १,४४० वाक्ये! म्हणून वाक्य न बोलता वाक्याचे तुकडे बोलून घेतात. एक ते एकोणसाठ हे आकडे, पाच ठिकाणांची नावे, आणि ‘फलाट क्रमांक’, ‘वर येणारी गाडी’, ‘वाजून’, ‘मिनिटांची’, ‘वाजताची’, ‘आहे’ असे पाचसहा जोडतुकडे. सारे मिळून सत्तर. या सत्तरांतून ती ७,२०० वाक्ये उभी राहतात.

इथे आपली मराठी थोडी अडवणूक करते, बरं का. इंग्रजीत वीस आणि पाच वेगवेगळे बोलून घेतले की जोडून पंचवीस होतात. आपल्याकडे ‘वीस’ आणि ‘पाच’ जोडून काही पंचवीस होत नाही. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, प्रत्येकाचा मुखडा निराळा. तेव्हा एकूणएक आकडा अखंड बोलून घ्यावा लागतो. दुसरी अडचण विभक्तीची. ‘पनवेल’चे ‘पनवेलला’ होते, मूळ शब्दाला धक्का लागत नाही. पण ‘ठाणे’चे ‘ठाण्याला’, ‘कुर्ला’चे ‘कुर्ल्याहून’ आणि खुद्द ‘कामोठे’चे ‘कामोठ्याला’. यंत्राने ‘ठाणे’ हा तुकडा उचलून त्याला ‘करिता’ चिकटवले, तर ‘ठाणेकरिता’ असे काहीतरी ऐकू येईल आणि फलाटावरची पोरे हसतील. म्हणून सामान्यरूपाचा तुकडा वेगळा मुद्रित करायचा. तिसरी गोष्ट सुराची. तोच शब्द वाक्याच्या मध्ये आला की सूर वर राहतो, शेवटी आला की खाली उतरतो. हे न पाळता जोडलेली घोषणा ऐका. शब्द सारे बरोबर, पण कोणीतरी विटांवर विटा रचतो आहे असे वाटते. अलीकडे नुसत्या अक्षरांवरून आवाज घडवणारी यंत्रेही निघाली आहेत. पण तुकड्यांची ही रीत समजायला सोपी आणि शाळेत करून पाहण्याजोगी आहे, म्हणून तिच्यावरच थांबू.

सत्तर तुकडे झाले. आता ते ठेवायचे कुठे? संगणकात प्रत्येक तुकड्याची एक फाइल होते. फाइल म्हणजे आकड्यांची लांब माळ, दुसरे काही नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर एका सेकंदात हजारो वेळा मोजायची आणि मापे लिहून ठेवायची, हेच ध्वनिमुद्रण. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापे घेतलेली असतात, प्रत्येक माप दोन बाइटांचे, आणि डावा-उजवा मिळून दोन पदर. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला एक कोटीहून जास्त. एवढे ओझे नको म्हणून कानाला सहसा न कळणारे बारकावे गाळून माळ आखूड करतात. एमपी३ नावाची जी रीत तुमच्या मोबाईलमध्ये आहे ती हीच. तिच्या नेहमीच्या प्रमाणात सेकंदाला १६,००० बाइट पुरतात, म्हणजे ओझे अकरा पटींनी हलके.

फाइली सत्तर असोत की सत्तर हजार, त्यांची नोंदवही हवीच. या वहीला डेटाबेस म्हणतात. नाव परके आहे, वस्तू नाही. शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. उभे रकाने ठरलेले: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, गाव. आडव्या ओळी वाढत जातात. फरक इतकाच की गुरुजींना रजिस्टर चाळावे लागते, आणि डेटाबेसला प्रश्न विचारला की ओळ स्वतः पुढे येते. हा प्रश्न विचारणारा जो लेखी हुकूमनामा, त्याला म्हणतात स्क्रिप्ट. त्यात क्रमाने कामे लिहिलेली असतात: वहीतून ‘पंचवीस’ची ओळ काढ, तिच्यातला आवाज घे, वाजवणाऱ्याच्या हातात दे, संपला की ‘मिनिटांची’ घे. संगणक निमूटपणे ती कामे करतो. चुकीचे लिहिले तर चुकीचे काम तितक्याच निमूटपणे करतो.

आता खरा वादाचा मुद्दा. आवाज वहीतच ठेवायचा की वहीबाहेर?

शेतकरी बंधूंना हे चटकन समजेल. सात-बाराच्या उताऱ्यात जमीन नसते. जमीन कुठे आहे, किती आहे, कोणाची आहे, एवढेच असते. तसेच डेटाबेसच्या ओळीत आवाज न ठेवता फक्त पत्ता ठेवायचा, अमुक कपाटातली अमुक फाइल म्हणून, ही एक रीत. दुसऱ्या रीतीत आवाजाची सगळी आकडेमाळ त्या ओळीच्याच एका रकान्यात भरून टाकतात. अशा रकान्याला ‘ब्लॉब’ असे विचित्र नाव आहे. सात-बाराच्या कागदातच जमीन गुंडाळून ठेवल्यासारखे हे झाले. शेतात ते जमत नाही, संगणकात जमते.

दोहोंतले सुखदुःख निराळे. पत्त्याच्या रीतीत वही हलकी राहते, पण नदीने पात्र बदलले आणि शेत वाहून गेले तरी उतारा आपला जागेवर, तसे इथेही होते. कोणीतरी कपाट आवरताना फाइलीचे नाव बदलतो, वहीला त्याची खबर नसते, आणि स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परत येते. ब्लॉबच्या रीतीत हे होत नाही. ओळ आहे तिथे आवाज आहे, आणि नक्कल करायची ती एकाच वहीची. पण लांब ध्वनिमुद्रणे भरत गेलात की वही फुगते, नक्कल करायला तास लागतात आणि कामही जड होते.

मग मर्यादा कुठे धरावी? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी, त्यांत जिम ग्रे हे नामांकित गृहस्थ होते, २००६ साली हे आपल्याच डेटाबेसवर मोजून पाहिले. निष्कर्ष असा निघाला की सुमारे अडीच लाख बाइटांच्या आतली वस्तू डेटाबेसात ठेवणे बरे, दहा लाखांच्या वरची बाहेर फाइल म्हणून ठेवणे बरे, आणि मधल्या पट्ट्यात परिस्थिती पाहून ठरवावे. हे आकडे आपल्या आवाजाच्या भाषेत आणू. वर सांगितलेल्या एमपी३च्या प्रमाणात अडीच लाख बाइट म्हणजे सोळा सेकंद, आणि दहा लाख म्हणजे मिनिटाहून थोडे अधिक. यंत्रे बदलली की मर्यादा थोडी इकडेतिकडे सरकते, पण अंदाजाला हे पुरे. स्टेशनातले तीन सेकंदांचे तुकडे खुशाल वहीत ठेवा. अर्ध्या तासाचे कीर्तन ठेवू नका.

ब्लॉबच्या रकान्यातही आकारमान असते, आणि तिथे नवशिके हमखास अडखळतात. मायएसक्यूएल हा डेटाबेस पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात साध्या ‘ब्लॉब’ रकान्यात ६५,५३५ बाइटच मावतात. त्याहून मोठ्यासाठी ‘मीडियमब्लॉब’, त्यात दीड कोटीच्या वर मावतात, आणि त्याहून मोठा ‘लाँगब्लॉब’. कोणी साध्या रकान्यात गाणे भरले आणि डेटाबेसची शिस्त सैल ठेवलेली असली, तर तो तक्रार न करता उरलेले कापून टाकतो. आता भागाकार करा: ६५,५३५ भागिले १६,०००, उत्तर चार. गाणे चार सेकंद सुरेख वाजते आणि गप्प होते! माणूस कर्ण्याला दोष देतो, तारा तपासतो, आणि दोष असतो रकान्याच्या मापात. आता नव्या आवृत्त्या मुळातच शिस्त कडक ठेवतात आणि भरतानाच ‘मावत नाही’ म्हणून सांगतात, हे चांगलेच झाले.

वाजवण्याबद्दलही एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्क्रिप्ट चालते कुठे, याचा विचार लोक करीत नाहीत. डेटाबेस आणि स्क्रिप्ट जर दूरच्या मोठ्या संगणकावर असतील आणि स्क्रिप्टला तुम्ही ‘वाजव’ म्हणालात, तर ती तिथेच वाजवील, पुण्या-मुंबईच्या त्या बंद खोलीत, जिथे ऐकायला कोणी नाही. तुमच्या वर्गात आवाज यायचा तर स्क्रिप्टने वाजवायचे नसते, पाठवायचे असते. वाजवण्याचे काम तुमच्या समोरच्या मोबाईलचे किंवा संगणकाचे. आकाशवाणीचे केंद्र आणि घरचा रेडिओ यांची ही वाटणी आपल्या श्रोत्यांना नवी नाही.

पाठवतानाही रीतभात आहे. आधी पाकिटावर लिहायचे की आत काय आहे: ‘आवाज, एमपी३ जातीचा, इतके बाइट’. मग आतला ऐवज. पाकिटावर काही न लिहिता ऐवज धाडला, तर समोरचे यंत्र त्याला मजकूर समजते आणि पडद्यावर चौकोन-फुल्यांची रांगोळी उमटते. पीएचपी नावाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना हा अनुभव ठरलेला. त्यांच्या लिखाणाच्या आरंभी एखादी कोरी ओळ राहून गेलेली असते. ती कोरी ओळ आधी रवाना होते आणि पाकिटावर लिहायची वेळ निघून जाते. नियम एवढाच, की आवाज पाठवण्याआधी स्क्रिप्टने हूं की चूं करू नये.

दुसरे, ऐकणाऱ्याला मधूनच ऐकायचे असते. विसाव्या मिनिटापासून पुढे, असे. त्याचे यंत्र तेव्हा ‘मला अमुक बाइटपासून पुढचे दे’ अशी मागणी करते. स्क्रिप्टला ती मागणी कळत असेल तर ती तेवढाच भाग देते आणि उत्तरावर २०६ हा आकडा घालते, त्याचा अर्थ ‘अंशतः दिले’. कळत नसेल तर ती बिचारी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करते, आणि खेड्यातल्या बारीक इंटरनेटवर ते फार जाचते. तिसरे, पान उघडताच आवाज आपोआप सुरू व्हावा अशी हौस धरू नका. क्रोमने २०१८ पासून हे अडवले आहे, बाकीच्यांचीही रीत तशीच. ऐकणाऱ्याने बोट लावल्याशिवाय आवाज निघत नाही, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

एक सूचना सुरक्षिततेची, थोडक्यात. शोधण्याच्या चौकटीत लोक काय लिहितील याचा भरवसा नाही. कोणी खोडसाळ गावाच्या नावाऐवजी ‘वही पुसून टाक’ असा हुकूमच लिहील. म्हणून आलेला मजकूर हुकुमाच्या वाक्यात जसाच्या तसा मिसळायचा नसतो. हुकूम आधी पक्का करायचा आणि मजकूर वेगळा, रिकाम्या जागी भरण्यापुरता द्यायचा. सर्व डेटाबेसांत त्याची सोय असते.

हे सारे स्टेशनपुरतेच असते तर मी इतका वेळ घेतला नसता. पण याच रीतीने आपल्याकडे एक मोठे काम झाले आहे, आणि ते अधिक नाजूक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८०च्या दशकात पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. गावोगाव पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले, आणि दळणाबरोबर गाणेही. पुढे बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी डेटाबेस उभा केला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे. प्वातवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांच्या मागे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या इंटरनेटवरील संग्रहाने हे काम हाती घेतले आणि २०१७ पासून ओव्या, गाणाऱ्या बायांची नावे, गावे आणि आवाज लोकांपुढे ठेवले.

इथे वही आणि आवाज यांची ताटातूट झाली तर काय होईल, ते पाहा. स्टेशनातला ‘पंचवीस’ हरवला तर दुसरी बाई बोलावून पुन्हा बोलून घेता येतो. ओवीचे तसे नाही. फीत आहे, आवाज ऐकू येतो, पण कोणाचा, कुठल्या गावचा, हे सांगणारी ओळ नाही; किंवा ओळ आहे, बाईचे नाव आहे, आणि पत्त्यावर फाइल नाही. दोन्ही प्रकारे ती बाई गेली. आणि ती खरोखरच वारली असेल, तर विचारायला कोणी उरत नाही.

म्हणून ओव्यांच्या बाबतीत मी असे सुचवीन. मुद्रण अखंड ठेवावे, ओवीगणिक कापू नये. दोन ओव्यांमधले बोलणे, हसणे, जात्याची घरघर, सगळे मोलाचे असते. फाइल मोठी असल्याने ती वहीबाहेर ठेवावी. वहीत प्रत्येक ओवीची एक ओळ, आणि त्या ओळीत चार गोष्टी: कुठली फाइल, कितव्या सेकंदाला सुरू, कितव्याला संपते, आणि गाणारीचा क्रमांक. गाणाऱ्या बायांची वही वेगळी. एका बाईच्या चाळीस ओव्या असल्या तरी तिचे नाव एकदाच लिहायचे, म्हणजे नाव चुकले तर दुरुस्तीही एकदाच. स्क्रिप्ट ओवीची ओळ काढते, फाइल उघडते, सांगितलेल्या सेकंदावर जाते आणि संपताच थांबते. ऐकणाऱ्याला वाटते ओवी सुटी ठेवलेली आहे. महिन्यातून एकदा दुसरी एक लहान स्क्रिप्ट चालवावी: वहीतला प्रत्येक पत्ता घे, तिथे फाइल आहे का पाहा, नसेल तर यादीत लिही. शेताची हद्द पाहून येण्यासारखेच हे आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमच्या शाळेत होण्याजोगे आहे. एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस फुकट मिळतो आणि त्याची सगळी वही एकाच फाइलीत मावते. मोबाईलवर मुद्रण होते. गाणे सुरू होण्याआधी बाईंची परवानगी घ्या, आणि ती त्यांच्याच आवाजात मुद्रित होऊ द्या: नाव, गाव, तारीख, आणि ‘हे मुलांनी ऐकले तर चालेल’ किंवा ‘चालणार नाही’. काही ओव्यांत घरातली दुःखे असतात, सासूचे, जावेचे नाव असते. ती बाहेर जाऊ नयेत असे कोणी म्हणाले तर वहीत तसा एक रकाना ठेवा आणि स्क्रिप्टला तो पाळायला लावा. मूळ मुद्रण न आखडता एक प्रत ठेवा, वर्गात वाजवायला एमपी३ची प्रत वेगळी करा, आणि वही व फाइली यांची नक्कल एकाच दिवशी, दोन निरनिराळ्या घरी ठेवा. गावाच्या रकान्याशेजारी माहेरचा रकाना जरूर आखा. पुष्कळ ओव्या बाई लग्नाआधी आईजवळ जात्यावर बसून शिकलेली असते, आणि नोंद नुसती सासरच्या गावाखाली झाली, तर त्या मुलखातली ओवी शोधणाराला ती तिथे मिळणार नाही.